कॉफीविषयीचा सल्ला कसा पारखावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन महिन्यांपूर्वी तुम्ही हाताने फिरवायचा ग्राइंडर, शंकूच्या आकाराचा ड्रिपर (फिल्टर पेपर बसवून वरून पाणी ओतायचे गाळणे) आणि एक छोटा वजनकाटा घेतला, आणि तेव्हापासून कॉफीच्या जाणकारांनी सांगितलेले जे जे हाती लागेल ते वाचत आणि पाहत आला आहात. कोणी पाणी ९६ अंश सेल्सिअस असलेच पाहिजे म्हणतो, तर कोणी ८८च्या वर जाऊच नका असे बजावतो. कोणी एक ग्रॅम कॉफीला १५ ग्रॅम पाणी सांगतो, कोणी १७. तुमची कॉफी मात्र एके दिवशी आंबट होते, दुसऱ्या दिवशी कडू आणि तुरट, आणि या सगळ्यांत नेमके कोणाचे ऐकावे, असे तुम्ही विचारले आहे.

गेली अठरा वर्षे मी कॉफी भाजण्याचे आणि चाखून तिची प्रत ठरवण्याचे काम करते. त्या अनुभवावरून सांगते की, तुम्ही वाचलेल्यांपैकी बहुतेक जण चुकीचे सांगत नाहीत. ते अर्धे सांगतात. प्रत्येक कृती म्हणजे कोणीतरी ठरावीक बिया, ठरावीक ग्राइंडर आणि ठरावीक पाणी वापरून केलेल्या कॉफीची नोंद असते, आणि लिहिताना नेमक्या याच तीन गोष्टी गळून जातात, कारण लिहिणाऱ्याच्या त्या रोजच्या हाताखालच्या असतात. कृती हाती आली की ती कशावर केली होती हे आधी शोधावे. ते सापडले नाही तर तिच्यातले आकडे केवळ सुरुवातीपुरते धरावेत.

हे पटण्यासाठी कपात काय घडते ते समजून घ्यायला हवे. भाजलेल्या कॉफीच्या वजनापैकी साधारण ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो, बाकीचा चोथा. पण तो ३० टक्के भाग एकदम उतरत नाही. फळांची आठवण करून देणारी आम्ले आधी उतरतात, गोडव्याची जाणीव देणारे घटक त्यांच्या मागोमाग येतात, आणि जड, कडू, तुरट घटक रेंगाळत शेवटी येतात. १९५०च्या दशकात अर्नेस्ट लॉकहार्ट या रसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेत यावर पद्धतशीर काम केले, आणि त्यातून जो तक्ता तयार झाला त्यात पुडीच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के अर्क उतरणे आणि कपातल्या पेयात १.१५ ते १.३५ टक्के विरघळलेले घटक असणे हा पसंतीचा पट्टा मानला गेला. हिशोब करून पाहा. १५ ग्रॅम पुडीवर २५० ग्रॅम पाणी ओतले, तर चोथा आपल्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी धरून ठेवतो, म्हणजे कपात साधारण २२० ग्रॅम कॉफी येते. तिच्यात १.३५ टक्के घटक विरघळलेले असतील तर ते जवळजवळ ३ ग्रॅम झाले, आणि १५ ग्रॅमपैकी ३ ग्रॅम म्हणजे २० टक्के.

या हिशोबात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक गोंधळ त्या एक समजल्याने होतो. कॉफी किती कडक आहे, ही एक गोष्ट. पुडीतून किती अर्क उतरला, ही दुसरी. एस्प्रेसोमध्ये, म्हणजे यंत्राच्या दाबाने थोड्या पाण्यात काढलेल्या दाट कॉफीत, विरघळलेल्या घटकांचे प्रमाण ड्रिपरने गाळलेल्या कॉफीच्या कितीतरी पट असते, तरी पुडीतून उतरलेल्या अर्काची टक्केवारी मात्र जवळपास तीच असते. म्हणून कॉफी पाणचट लागली की पूड वाढवावी आणि आंबट लागली की अर्क जास्त उतरवावा. पूड वाढवून आंबटपणा जात नाही, तो उलट अधिक टोचतो. पंधरास एक की सतरास एक, हा वाद बहुतांशी कडकपणाच्या आवडीचा आहे. त्यात कोणी बरोबर नाही आणि कोणी चूकही नाही.

तुमच्या तक्रारीतला कडू आणि तुरट हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कडूपणा जिभेच्या मुळाशी रेंगाळतो, तर तुरटपणा चव नव्हेच, तो स्पर्श आहे: घोट गिळल्यावर गालांची आतली बाजू कोरडी पडते आणि जीभ टाळूला घासल्यासारखी होते. एकाच कपात आधी आंबट आणि मग तुरट लागत असेल, तर पाणी पुडीतून सारखे गेलेले नाही असे समजावे. पुडीतले मोठे कण अर्धवट राहिले आणि बारीक भुकटी पार पिळून निघाली, किंवा पाण्याने एका बाजूने वाट काढली आणि तेवढीच पूड धुऊन नेली. ड्रिपर रिकामा झाल्यावर त्यात डोकावून पाहा. चोथ्याचा पृष्ठभाग सपाट असेल तर ठीक. एका बाजूला खड्डा पडला असेल आणि दुसऱ्या बाजूला फिल्टर पेपरवर पुडीची उंच भिंत चिकटून राहिली असेल, तर कोणतेही तापमान आणि कोणतेही प्रमाण तुमची कॉफी सुधारणार नाही. आधी ओतण्याचा हात सुधारावा लागेल, धार बारीक आणि ड्रिपरच्या जवळून धरावी लागेल. सुरुवातीला पुडीच्या वजनाच्या दोन ते तीन पट पाणी घालून ३० ते ४५ सेकंद पूड फुलू द्यावी, म्हणजे भाजताना बियांत अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि पुढचे पाणी पुडीत नीट मुरते.

आता ८८ आणि ९६ अंशांचा वाद. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ८७, ९० आणि ९३ अंशांवर कॉफी केली होती, पण दळण आणि वेळ यांत असा बदल केला होता की कडकपणा आणि उतरलेला अर्क तिन्ही वेळा सारखा राहावा. प्रशिक्षित चाखणाऱ्यांना त्यांत फारसा फरक जाणवला नाही. याचा अर्थ तापमान निरुपयोगी आहे असा नाही. तापमान हे अर्क कमी-जास्त उतरवण्याचे एक साधन आहे, आणि तेच काम दळणाच्या जाडीनेही होते. गडद भाजलेली बी ठिसूळ आणि सच्छिद्र असते, तिच्यातून अर्क भराभर उतरतो, म्हणून ती वापरणारा ८८ म्हणतो. फिकट भाजलेली बी कठीण आणि घट्ट असते, ती वापरणारा उकळते पाणी घेतो. दोघेही आपापल्या कपाशी प्रामाणिक आहेत.

स्पर्धेतल्या विजेत्यांच्या कृतींनाही हेच लागू होते. जपानचे तेत्सू कासुया यांनी २०१६ मध्ये वर्ल्ड ब्रूअर्स कप ही हाताने कॉफी गाळण्याची जागतिक स्पर्धा जिंकली, आणि त्यांची चारास सहा नावाची पद्धत जगभर पसरली. २० ग्रॅम पूड, ३०० ग्रॅम पाणी. त्यातले पहिले ४० टक्के पाणी दोन वेळा ओतून आंबट-गोडाचा तोल ठरवायचा, आणि उरलेल्या ६० टक्क्यांचे भाग कमी-जास्त करून कडकपणा ठरवायचा. पद्धत समजायला सोपी आणि शिकण्यासाठी फार चांगली आहे. पण ती करताना कासुया पूड चांगली भरड ठेवतात, आणि नक्कल करणारे नेमके तेच विसरतात. बारीक पुडीवर पाच वेळा पाणी ओतले की ड्रिपर तुंबतो, पाणी चार-साडेचार मिनिटे साचून राहते आणि कॉफी कडू होते. मग दोष पद्धतीला दिला जातो.

पाण्याबद्दल मात्र मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण सर्वांत कमी बोलले जाते ते याच्यावर आणि मला स्वतःला सर्वांत महाग पडले तेही हेच. काही वर्षांपूर्वी आम्ही कामाची जागा बदलली. बिया त्याच, भाजणीचे यंत्र तेच, नोंदवहीतले आकडे तेच, आणि तरीही पहिल्याच आठवड्यात चाखायच्या टेबलावरचे सगळे नमुने एकसारखे सपाट लागू लागले. ज्या कॉफीत आदल्या महिन्यात संत्र्यासारखी आंबटगोड चमक होती, तिच्यात आता ओल्या पुठ्ठ्यासारखे काहीतरी लागत होते. आम्ही भाजणी बदलली, पुन्हा बदलली, दोन आठवडे बिया वाया घालवल्या. शेवटी एका सहकाऱ्याने जुन्या जागेतून भरून आणलेल्या पाण्यात तीच कॉफी केली, दोन वाट्या शेजारी ठेवल्या, आणि एका घोटात उत्तर मिळाले. नव्या जागेच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर होते. बायकार्बोनेट आम्लाला मारतो, आणि कॉफीचा जिवंतपणा तर त्या आम्लांतच असतो. उलट टोकाला, अतिशुद्ध केलेल्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्याने कॉफी टोकदार, उघडी आणि पोकळ लागते. स्पेशालिटी कॉफी असोसिएशन या कॉफी व्यवसायातल्या संघटनेच्या मार्गदर्शनात पाण्याचे काठिण्य कॅल्शियम कार्बोनेटच्या मापाने दर लिटरला ५० ते १७५ मिलिग्रॅम आणि अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल शमवण्याची क्षमता, ४० ते ७५ मिलिग्रॅम सुचवली आहे. घरी मोजण्यासाठी मत्स्यपेटीचे पाणी तपासायला मिळते ती थेंबांची साधी पेटी पुरते. तेवढेही करायचे नसेल, तर एकदा वेगळ्या उगमाचे बाटलीबंद पाणी आणून तीच कॉफी दोन्ही पाण्यांत शेजारी शेजारी करा. फरक जाणवला, तर तुमच्या तीन महिन्यांच्या गोंधळाचा मोठा भाग तिथेच उलगडेल.

मग शिकावे कोणाकडून? सगळ्यांत आधी त्यांच्याकडून, ज्यांनी मोजमाप आणि शब्द सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. अमेरिकेतली आणि युरोपातली अशा दोन संघटना २०१७ मध्ये एकत्र येऊन आजची स्पेशालिटी कॉफी असोसिएशन झाली. तिच्या मानकांमध्ये एक लिटर पाण्याला ५५ ग्रॅम पूड हे सुरुवातीचे माप मिळते. वर्ल्ड कॉफी रिसर्च या संस्थेने कॉफीच्या वाणांची सूची कोणालाही विनामूल्य पाहता येईल अशी ठेवली आहे, आणि पाकिटावर ‘बोरबॉन’ किंवा ‘गेशा’ असे नाव दिसल्यावर ते झाड कोणते, कुठून आले, किती उंचीवर चांगले वाढते, हे तिथे पाच मिनिटांत कळते. याच संस्थेने २०१६ मध्ये कॉफीच्या चवींचा एक कोश काढला. त्यात प्रत्येक चवीपुढे ती चव प्रत्यक्ष कोणत्या पदार्थात, किती तीव्रतेने सापडते हे लिहिलेले आहे, म्हणजे ‘ब्लॅकबेरीसारखी’ या शब्दामागे काय चाखून पाहायचे ते ठरलेले आहे. चवींचे जे रंगीत चक्र तुम्ही सगळीकडे पाहता, ते मूळ १९९५चे. २०१६ मध्ये या कोशाच्या आधारेच ते नव्याने रचले गेले. चक्र वाचताना मध्यापासून बाहेर जावे. आधी एवढेच ठरवावे की ही चव फळाची आहे, सुक्यामेव्याची की भाजल्याची. फळाची असेल तर लिंबूवर्गीय की बेरीवर्गीय. आणि तिथेच थांबलात तरी काही बिघडत नाही. एकदम बाहेरच्या कडेचा शब्द उचलणारे बहुधा पाकिटावर छापलेलेच वाचून दाखवत असतात.

पण वाचनाने जीभ तयार होत नाही, ती कपिंगने, म्हणजे वाटीत पूड भिजवून कॉफी चमच्याने चाखण्याने, होते. यासाठी ड्रिपर नको, हाताचे कौशल्यही नको, आणि म्हणूनच नवशिक्याला ते सर्वांत लवकर शिकवते. एकसारख्या तीन वाट्या घ्या. प्रत्येकीत वेगळ्या बियांची ११ ग्रॅम पूड घाला, ड्रिपरसाठी दळता त्याहून किंचित भरड, आणि कोरड्या पुडीचा वास घ्या. मग उकळी उतरलेले २०० ग्रॅम पाणी ओता आणि चार मिनिटे हात लावू नका. वर पुडीचा जाड थर तरंगून येतो. चमच्याच्या पाठीने तो थर आपल्याकडून पलीकडे हळूच ढकलून मोडा आणि त्या क्षणी नाक वाटीच्या अगदी जवळ असू द्या, कारण थराखाली कोंडलेला वास एकदाच आणि दोनच सेकंद बाहेर येतो. फेस आणि तरंगणारे कण दोन चमच्यांनी काढून टाका, आणखी सातआठ मिनिटे थांबा, आणि मग चमच्याने मोठा आवाज करत कॉफी तोंडात ओढा. आवाज केल्यानेच ती टाळूवर पसरते आणि वास नाकात चढतो. सगळ्यांत उपयोगाचे घोट शेवटचे असतात, कॉफी कोमट झाल्यावरचे. गरम कॉफीत दोष लपतात. कोमट कॉफीत चांगल्या बीचा गोडवा वर येतो आणि वाईट बीचा ओशट, खरखरीत स्वभाव उघडा पडतो. तीन आठवडे, आठवड्यातून एकदा, कोणाबरोबर तरी बसून हे करा, आणि दोघांनीही आधी लिहा, मग बोला. आधी बोललेला शब्द समोरच्याच्या जिभेवर बसतो, हे मी अनुभवी लोकांच्या टेबलावरही वारंवार पाहिले आहे.

हौशी लोकांचे ऐकू नये, व्यावसायिकांचेच ऐकावे, असे तुम्हाला कोणी सांगितले असेल तर तेही मनावर घेऊ नका. एस्प्रेसोची पूड यंत्राच्या जाळीदार टोपलीत पडल्यावर बारीक सुईने ढवळून तिच्या गाठी मोडण्याची रीत २००५ मध्ये जॉन वाइस या घरी एस्प्रेसो करणाऱ्या हौशी माणसाने इतर हौशींपुढे मांडली. आज ती स्पर्धांच्या मंचावरही सर्रास दिसते. दळण्यापूर्वी बियांवर पाण्याचा एखादा थेंब शिंपडला की पूड ग्राइंडरला चिकटत नाही, ही युक्तीही घरगुती प्रयोगांतूनच रूढ झाली. पुढे ओरेगॉन विद्यापीठातील क्रिस्टोफर हेंडन आणि ज्वालामुखीच्या राखेतल्या विद्युतभारांचा अभ्यास करणारे त्यांचे सहकारी यांनी २०२३ मध्ये दाखवून दिले की, दळताना कणांवर साठणारी स्थिरविद्युत त्या ओलाव्याने खरोखरच कमी होते. माझ्या मते भरवशाचा सल्लागार ओळखण्याची खूण पदवी किंवा पदक नव्हे. तो काय बदलले, काय तसेच ठेवले आणि चवीत काय फरक पडला, हे तिन्ही सांगतो की नाही, ते पाहावे. ‘ही पद्धत वापरली आणि कॉफी अप्रतिम झाली’ या वाक्यातून तुम्हाला काहीच मिळत नाही. ‘तापमान तेच ठेवून दळण ग्राइंडरच्या मापावर दोन घरे बारीक केले, पाणी उतरायला ३० सेकंद जास्त लागले आणि आंबटपणा गेला’ हे वाक्य मात्र अनोळखी माणसाचे असले तरी जपून ठेवण्यासारखे आहे. आणि सांगणारा तेच उपकरण विकतही असेल, तर त्याचे म्हणणे ऐकावे, पण खरेदीचा निर्णय महिनाभर पुढे ढकलावा.

उपकरणांबद्दल एवढेच: पात्यांनी बिया फोडणाऱ्या यंत्राऐवजी जात्यासारख्या दोन चकत्यांमध्ये दळणारा ग्राइंडर तुमच्याकडे आहे, म्हणजे मुख्य खर्च झालेला आहे. बियांच्या पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल तर ते घेऊ नये. फिकट भाजलेल्या बिया भाजल्यापासून आठवडा-दोन आठवडे थांबून वापरल्या तर अधिक सरळ वागतात.

तुमचा प्रश्न असा आला असता तर कोणताही जाणकार त्याचे उत्तर दोन ओळींत देऊ शकला असता: ‘बिया इथिओपियाच्या, वॉश्ड प्रक्रियेच्या (फळाचा गर धुऊन काढून वाळवलेल्या), फिकट भाजलेल्या, भाजून १२ दिवस झालेल्या. १५ ग्रॅम पूड, २५० ग्रॅम पाणी, उकळी येताच ओतलेले. ग्राइंडर शून्यापासून २२व्या घरावर. सगळे पाणी १ मिनिट ५० सेकंदांत उतरले. पहिला घोट कच्च्या लिंबासारखा, मागे काहीच चव नाही, गार झाल्यावर किंचित खारट.’ यावर माझे उत्तर असे असते की, बाकी काहीही न बदलता दळण १८व्या घरावर आणा आणि पाणी उतरायला पावणेतीन ते तीन मिनिटे लागतात का ते पाहा. तेवढ्यात तुरटपणा आला तर २०वर परत या, आणि तरीही आंबटच राहिली तर त्याच पुडीवर वेगळ्या उगमाचे पाणी वापरून मला पुन्हा लिहा. तुमच्या दोन्ही दिवसांच्या, म्हणजे आंबट दिवसाच्या आणि कडू दिवसाच्या, अशाच नोंदी पाठवल्यात तर त्यांतले नेमके काय बदलत होते ते मला सांगता येईल.